कायदा आपल्या बाजूने असला तरी भाऊबीज येतेच

माझा भाऊ ठणठणीत आहे, देव करो आणि तसाच राहो. नाशिकमध्येच मखमलाबाद रोडला राहतो, माझ्या इंदिरानगरच्या घरापासून मुंबई नाक्याला ट्रॅफिक लागला नाही तर अर्ध्या तासात पोचता येईल एवढ्या अंतरावर. आणि तरी नवीन ओळख झालेल्या एखाद्या बाईने "भाऊ काय करतात तुमचे" असं सहज विचारलं की मला पटकन उत्तर देता येत नाही, कारण आमचं बोलणं बंद आहे आणि सध्या तो काय करतो हे मला खरंच माहीत नाहीये. दुकान बदललं असं उडत उडत कानावर आलंय. कुठल्या लाईनचं ते नाही कळलं.

मध्यंतरी ओळखीतल्या दोघी-तिघींनी आपणहून सांगितलं की त्यांचंही माहेर बंद झालंय, आणि सांगताना प्रत्येकीने आधी इकडेतिकडे बघितलं, जसं काही आपण काहीतरी चोरून आणलंय. म्हणून म्हटलं लिहूनच टाकते एकदा.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण नाशिकमध्ये ती घरोघरी थोड्याफार फरकाने तीच आहे. वडलांची मखमलाबादकडे शेती. आमच्या लहानपणी तिकडे सगळ्या द्राक्षबागा, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. आता बागेला लागून लेआउट पडलेत, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉटचे बोर्ड लागलेत, आणि जी जमीन विकून कुणी साधी मोटरसायकल घेतली नसती तिचे रेट ऐकून भलेभले पाणी मागतात. वडील गेले. रामकुंडावर दशक्रिया झाली, तेरावं झालं, तलाठ्याकडे वारस लावायचे म्हणून कागदपत्रं जमवायला लागलो आणि तेव्हा भाऊ एक कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला माझा हिस्सा मी सोडला असं लिहून देणारा कागद. "ताई फॉर्मॅलिटी आहे गं, रजिस्ट्रार ऑफिसला दहा मिनिटं यायचं, अंगठा-फोटो झाला की मी सोडतो तुला घरी."

मी म्हटलं ठेव इथे, वाचते आणि सांगते.

एवढंच म्हटलं होतं मी. नाही म्हटलं नव्हतं. आईच्या नावावर काय राहणार, तिच्या औषधपाण्याचं काय, हे बसून बोलू असं मनात होतं. पण "वाचते" हा शब्दच त्याला लागला. "माझ्यावर विश्वास नाही का" इथून सुरू झालं, मग "दाजींनी शिकवलेलं दिसतंय" इथवर आलं (बाईला स्वतःचं डोकं असू शकतं ही शक्यता आपल्याकडे सगळ्यात शेवटी विचारात घेतात, आमचे हे तर बिचारे या विषयावर चकार शब्द बोलले नव्हते), मग भावजयीने मला ब्लॉक केलं, मग फॅमिली ग्रुपमधून मला काढलं, आणि त्या दिवाळीला माहेरून फोन आला नाही. आई त्याच्याकडेच राहते. म्हणजे भावाबरोबर आई पण गेली. ती दुपारी घरात कुणी नसलं की एक मिसकॉल देते, मी उलटा फोन करते, आणि दाराचा आवाज आला की ती "हो हो, राँग नंबर" म्हणून ठेवून देते. सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्या पोरीशी बोलताना राँग नंबर म्हणते. यावर मी जास्त काही लिहीत नाही, लिहायला बसले की हात थांबत नाही आणि नंतर डोकं दुखतं.

कायद्याचं म्हणाल तर तो मला आता पाठ झालाय. वडलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, बायको सगळ्यांना सारखा हिस्सा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः हक्क हे आपल्या महाराष्ट्राने १९९४ ला आणलं, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्यांना त्यातून वगळलं होतं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना, लग्न झालेलं असो नसो. आणि त्या तारखेला वडील हयात असायला हवे होते का यावर इतकी वर्षं जो गोंधळ चालला होता तो सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये मिटवला, की हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा होते की नव्हते याचा संबंध नाही. सीबीएसजवळच्या कोर्टात कुठल्याही वकिलाला विचारा, दोन मिनिटांत सांगेल.

हे सगळं मला पाठ आहे आणि तरीही रात्री अडीचला उठून मी त्याचा डीपी बघत बसायचे. त्याने दाढी वाढवली होती. एवढंच त्यातून कळायचं, दाढी वाढवली, दाढी काढली.

आता मला जे खरं सांगायचंय ते हे. मी रडायला लागले तेव्हा आजूबाजूच्या लोकांचे सरळ दोन गट पडले. एका गटात मावशी, आत्या, सोसायटीतल्या काकू. त्यांचं म्हणणं, एवढा त्रास होतोय ना, मग टाक सही करून, जमिनीपेक्षा माहेर मोठं, चार घास गोड खायला भावाचं दार उघडं पाहिजे. दुसऱ्या गटात माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणी (अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे मी), त्या म्हणायच्या, कायदा तुझ्या बाजूने, नैतिकदृष्ट्या तू बरोबर, मग रडतेस कशाला, सोड ना त्याला, असे भाऊ काय कामाचे. दोन्ही बाजूंच्या बायका माझ्या भल्याचंच बोलत होत्या, मला मान्य आहे. पण दोघींच्या बोलण्यात एकच गोष्ट गृहीत धरलेली होती, की जी बरोबर असते तिला दुःख होत नाही, आणि दुःख होतंय त्याअर्थी कुठेतरी तुझं चुकलंय. मग मी पण तसंच समजायला लागले. रडू आलं की वाटायचं आपण लोभी आहोत बहुतेक. रडू नाही आलं एखाद्या दिवशी की वाटायचं आपण दगड झालो. म्हणजे दुःखाचा वापर पुरावा म्हणून चालला होता, आणि तो कायम माझ्याच विरोधात.

यातून बाहेर यायला मला बराच काळ लागला आणि मदतही लागली. कॉलेज रोडला एका काउन्सेलरकडे जायला लागले. आधी लाज वाटली, पार्किंगमध्ये ओळखीचं कुणी दिसलं तर डेंटिस्टकडे आलेय म्हणायचं ठरवलं होतं. तिने पहिल्यांदा मला एक विचारलं, की समजा जमीनच नसती आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने भाऊ असा तोडून गेला असता तर तुम्ही रडला असतात का? म्हटलं हो, असेच. मग म्हणाली जमिनीचं वकिलाकडे द्या आणि रडण्याचं इथे आणा, दोन्हीच्या फाईली वेगळ्या करा. ऐकायला फार साधं आहे. मला ते सुचलं नव्हतं.

तिनेच पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन बाईंचं काम सांगितलं. १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर त्यांनी अभ्यास केला होता. नवरा गेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर घरात नाही. अशा बायका वर्षानुवर्षं मधेच लटकलेल्या. त्याला त्या अँबिग्युअस लॉस, म्हणजे धड गेलं नाही धड आहे नाही असं गमावणं, म्हणतात, आणि त्याची उलटी बाजू पण त्यांनीच मांडली, की माणूस समोर बसलंय पण मनाने नाहीये, जसं डिमेन्शिया झालेल्या आईवडलांचं होतं. त्यांचं सांगणं असं की यात "एकदाचा शेवट झाला" असं काही येत नाही, त्याची वाट बघणं सोडा, आहे पण आणि नाही पण अशा दोन्ही गोष्टी एकदम मनात धरायची सवय करा. मला हे ऐकून बरं वाटण्याऐवजी आधी राग आला. म्हणजे फी भरून हेच ऐकायचं का की संपणार नाही म्हणून. पण घरी येताना त्र्यंबक रोडच्या सिग्नलला थांबले होते तेव्हा लक्षात आलं की छातीवरचं जरा कमी झालंय, कारण मी इतके दिवस ती शेवटाची तारीखच शोधत होते, या दिवाळीपर्यंत होईल, आईच्या पंच्याहत्तरीपर्यंत होईल.

दुसरं नाव केनेथ डोका, हेही दुःखावर काम करणारे अमेरिकन अभ्यासक. त्यांनी १९८९ च्या सुमारास मांडलं की काही दुःखं अशी असतात ज्यांना समाज दुःख म्हणून मोजतच नाही. हे तर आपल्याकडे डोळ्यांसमोर आहे. घरात कुणी गेलं की चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, ऑफिसात कुणी तोंड वर करून विचारत नाही की सुट्टी कशाला, सुतक किती दिवस ते ठरलेलं, कधी अंघोळ करायची, कधी गोड खायचं ते ठरलेलं. दुःखात डोकं चालत नसतं म्हणून पूर्वजांनी सगळं लिहून ठेवलंय. भाऊ बोलायचा बंद झाला तर कोण पिठलं आणतं? उलट लोक चौकशीला येतात, "एकराला काय भाव चाललाय तिकडे?"

आणि हे फक्त आपल्याकडे जमिनीमुळे होतं असंही नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल पिलेमर यांनी केलेल्या सर्व्हेत, जो २०२० ला प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या १८ वर्षांवरच्या लोकांपैकी २७ टक्के लोकांनी सांगितलं की घरातल्या कुणाशी तरी त्यांचे संबंध तुटलेत. चारातला एक. तिकडे तर सातबाराही नाही. आपल्याकडचा आकडा कुणाला काढायचा असेल तर त्याने आठवडाभर तलाठी ऑफिसच्या बाकावर बसावं, चहापाण्याचा खर्च माझा.

रामकुंडावरचा तो दिवस मात्र सांगायलाच हवा. चुलते वारले आमचे. मला कुणी फोन केला नाही, चुलतभावाच्या स्टेटसला फोटो आणि खाली "दशक्रिया विधी सकाळी आठ वाजता, रामकुंड" असं बघितलं तेव्हा कळलं. जाऊ की नको यात रात्र गेली. शेवटी गेले, कारण काकांनी मला सायकल शिकवली होती आणि त्यांचं माझं काही भांडण नव्हतं. घाटावर गर्दी, महाराजांचं प्रवचन चाललेलं, पाच-सहा दशक्रिया एकाच वेळी, माइक एकमेकांत मिसळलेले. भाऊ समोरच्या पायरीवर, मी बायकांच्यात. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा, बाजूच्या पिंडांवर तुटून पडत होते, आमच्याकडे एक येऊन बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. मग सुरू झालं, काकांची काय इच्छा राहिली. कुणी म्हणालं नातवाचं लग्न करू, कुणी म्हणालं काकूंना नीट सांभाळू. नाहीच. मग मागून एक आवाज आला, "ह्या दोघा बहीण-भावाचं राहिलंय बघा, त्यांनी बोलू म्हणावं."

पन्नास-साठ माणसं एकदम आमच्याकडे वळली. मला घाम फुटला. मी त्याच्याकडे बघितलं नाही पण तो खाली बघतोय हे मला कळत होतं, लहानपणी वडील ओरडायला लागले की असाच अंगठ्याने फरशी उकरत उभा राहायचा. मी काही बोलले नाही. तो पण काही बोलला नाही. चांगले दोन मिनिटं असंच. शेवटी गुरुजींनाच घाई होती, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले.

घरी आल्यावर मी खूप चिडले होते. लोकांवर. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल पन्नास माणसांसमोर, एका कावळ्यासाठी, उभ्या उभ्या लावून घ्यायचा? पण नंतर काउन्सेलरला सांगताना वेगळंच बाहेर आलं, की त्या दोन मिनिटांत तो खोटंही बोलला नाही. "बोलतो" म्हणून मोकळा होऊ शकला असता, सगळ्यांसमोर चांगला झाला असता. तसं म्हणाला नाही. मी पण म्हणाले नाही. तेवढ्यापुरते आम्ही दोघं एकाच घरात वाढलेले वाटलो.

सणांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण आपलं कॅलेंडर म्हणजे भावाबहिणीच्या तारखांनी भरलेलं आहे. राखी आणि भाऊबीज तर आहेतच. माझं सासर सटाण्याकडचं, तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी पितरांची घागरही भरतात, म्हणजे एकाच दिवसात माहेर नाही आणि वडील नाहीत हे दोन्ही. त्यात नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास. पहिल्या वर्षी सासूबाईंनी हळूच विचारलं, धरणार आहेस का. मी धरला. त्यांना आश्चर्य वाटलं, मला पण. नंतर त्यांनीच कहाणी सांगितली, सत्येश्वरीचा भाऊ सत्येश्वर वारला, तिने दुःखात अन्न टाकलं, आणि मग तो तिला नागाच्या रूपात दिसला. मी लहानपणापासून हा सण झोक्याचा आणि पुरणाच्या दिंडांचा म्हणून ओळखत होते, त्याच्या मुळाशी भाऊ गेलेली बहीण उपाशी बसलीय हे कधी डोक्यात आलं नव्हतं. उपवास मी अजून धरते. वकिलांना हे सांगितलं नाहीये, जमिनीच्या वाटपाची केस चालू आहे तिच्यात त्याचा काही उपयोग नाही.

भाऊबीजेला मात्र शेजारच्या आजी म्हणाल्या, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, तू ओवाळ. मी नाही ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, मला भाऊ आहे की. त्या दिवशी आम्ही सकाळीच गाडी काढून बाहेर पडतो, मिसळ खातो, मुलाला धरणाकडे नाहीतर पांडवलेणीला नेतो, मोबाईल डेटा बंद. संध्याकाळी आल्यावर स्टेटस बघत नाही. हे पळून जाणं आहे असं कुणी म्हणालं तर असू दे. एका दिवसापुरतं पळून गेलं तर काही बिघडत नाही, रोज थोडीच पळतेय.

मला आधी वाटायचं दुःखाच्या त्या पाच पायऱ्या असतात, नेटवर सगळीकडे येतं ते, राग मग नैराश्य मग स्वीकार, तर मी आता कुठल्या पायरीवर आहे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी ते १९६९ मध्ये मांडलं ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, भांडून तुटलेल्या नात्यांसाठी नव्हे. मला जास्त पटलं ते नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या संशोधकांचं, १९९९ चं. त्यांच्या मते माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात सारखा येरझाऱ्या घालत असतो, आणि तसंच असायला पाहिजे. सकाळी आईचा मिसकॉल आला म्हणून रडले, अकराला जीएसटी रिटर्न भरलं, दुपारी कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी जोकवर खो खो हसले, रात्री परत डोळे भरले. मला वाटायचं मी नाटकी आहे. आता वाटत नाही.

आठवणींचं वेगळंच. आमचं आजोळ जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. नाशिकची रंगपंचमी ज्यांना माहितीये त्यांना रहाड म्हणजे काय हे सांगायला नको, पेशव्यांच्या काळापासूनचे दगडी हौद, वर्षभर बुजवलेले, रंगपंचमीला उघडायचे आणि रंगाच्या पाण्यात धप्पा मारायचा. भाऊ शाळेत होता, त्याने पहिला धप्पा मारला तेव्हा वर यायला जरा वेळ लागला तर मी कठड्यावरून एवढी किंचाळले की सगळे माझ्यावर हसले, आणि तो वर आला तो पिवळाधम्मक, दात तेवढे पांढरे. आता भांडण झाल्यावर मनाला अशी खोड लागते की हे सगळं पुसून काढावं. "तो लहानपणापासून तसाच, स्वार्थी," असं म्हटलं की बरं पडतं, मग गमावलं असं काहीच उरत नाही. माझी एक मैत्रीण तसंच करते, तिच्या भावाबद्दल तिला आता एक चांगली गोष्ट आठवत नाही. तिची मर्जी. मी नाही करणार. तेव्हा तो पोरगा चांगला होता आणि आता तो माझ्याशी वाईट वागतोय, दोन्ही खरं आहे. दोन्ही खरं ठेवलं की जास्त दुखतं हे कबूल.

काही साध्या गोष्टींचा उपयोग झाला त्या सांगते, जमेल तसं घ्या. लग्नसराईत लॉन्सवर नातेवाईक गाठतातच, "मिटलं का तुमचं?" पूर्वी मी अख्खी हकीकत सांगायचे, सातबाऱ्यापासून. आता म्हणते, "सध्या बोलणं नाही आमचं," आणि लगेच "जेवलात का?" विचारते. जेवणाचं विचारलं की आपली माणसं विषय बदलतात, हमखास. भावजयीच्या बहिणीचे स्टेटस म्यूट केले, कारण तिकडून घरातले फोटो दिसायचे. सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला लागले, झोप सुधारली. आणि लिहायला लागले, बँकेची फुकट मिळालेली डायरी, त्यात त्याला पत्रं, पाठवायची नाहीत अशी. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात यावर प्रयोग केले होते, सलग तीन-चार दिवस पंधरा-वीस मिनिटं मनातलं खडबडीत लिहायचं, व्याकरण बघायचं नाही. मी व्याकरण बघत नाहीच, तुम्हाला दिसतंयच. पहिल्या पत्रांत नुसत्या शिव्या होत्या. नंतरच्या एका पत्रात मी त्याला गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते लिहिलंय.

त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या असाही सल्ला आला, पितृदोष आहे म्हणे, तीन दिवसांचा विधी. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर करावा, मी हसत नाही. पण आमच्या घरात पितरांचा दोष नाहीये हो, पितर बिचारे मृत्युपत्र न करता गेले एवढंच.

मुलाला काय सांगायचं यावर आम्हा नवराबायकोत वाद झाला. ह्यांचं म्हणणं लहान आहे, मामा बिझी आहे म्हणून सांग. मी सांगितलं की मामाचं आणि माझं भांडण झालंय, मोठ्यांचं होतं, तुझ्यावर तो रागावलेला नाही. त्याने विचारलं, "मग सॉरी कोण म्हणणार?" मी म्हटलं अजून ठरलं नाहीये. त्याला चाललं ते उत्तर.

एक गोष्ट स्पष्ट करते. माझं जमिनीवरून आहे. ज्यांच्या घरात मारहाण होती, लहानपणी नको ते झालं, जातीबाहेर लग्न केलं म्हणून जिवाची धमकी आली, त्यांनी माझ्यासारखं आहे पण नाही पण करत बसू नये, लांब राहणं हेच तिथं बरोबर, आणि तिथेही दुःख होतं तर होऊ द्यावं, त्यावरून परत जायचं ठरवू नये. आणि रात्री फारच वाईट विचार यायला लागले तर १४४१६ ला फोन लावा, टेली मानस, सरकारी आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मी एका रात्री लावला होता. पलीकडच्या मुलीने जमिनीचा भाव विचारला नाही.

बाकी सध्याची परिस्थिती अशी की वाटपाचा दावा चालू आहे, तारखा पडताहेत. मध्यस्थीला मामा तयार आहेत, मी पण तयार आहे, पण माझी अट आहे की त्या बैठकीत कुणी सहीचा कागद आणायचा नाही. तिकडून उत्तर नाही. मधेच आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मावसबहिणीने मला आणि त्याला वेगवेगळा फोन करून चक्क टाइमटेबल लावून दिलंय, सकाळी तो, दुपारचा डबा आणि डोळ्यात थेंब घालायला मी, संध्याकाळी परत तो, म्हणजे समोरासमोर यायला नको. भाऊ "चालेल" म्हणाला म्हणे. आईला मुगाची खिचडी आवडत नाही, तिला थालीपीठ पाहिजे असतं, पण डॉक्टरांनी जरा हलकंच खायला सांगितलंय, तर मऊ ज्वारीची भाकरी आणि दुधी नेणार आहे. गुरुवारी हाफ डे टाकलाय.